साखळी करवत

साखळी करवत किंवा चेनसॉ हे दात बसवलेली साखळी वेगाने फिरवून लाकूड कापणारे, दोन्ही हातांत धरून चालवायचे यंत्र आहे. वृक्षतोड, फांद्यांची छाटणी, वादळानंतर रस्ते मोकळे करणे, लाकडातील शिल्पकाम अशा अनेक कामांसाठी ते वापरतात. वनखात्यांचे व लाकूड व्यवसायातील कामगार सोडले, तर हे यंत्र विकत घेणाऱ्यांत घरच्या सरपणासाठी ओंडके कापणाऱ्यांचा वर्ग मोठा आहे. या वर्गाला बहुधा कोणतेही औपचारिक शिक्षण मिळालेले नसते. प्रस्तुत लेखात आडव्या पडलेल्या ओंडक्यांपासून सरपण तयार करण्याच्या दृष्टीने यंत्राची निवड व सुरक्षित वापर यांचा विचार केला आहे. उभे झाड पाडणे हे वेगळे आणि अधिक धोक्याचे काम असून त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण लागते.

पूर्ण वेगात असलेल्या यंत्राची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर किंवा त्याहून अधिक अंतर कापते. यंत्र उलटून अंगावर येण्यास लागणारा वेळ माणसाच्या प्रतिक्रियेला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी असतो. त्यामुळे या यंत्राच्या बाबतीत प्रसंगावधान फारसे कामी येत नाही. यंत्र कोणते घेतले, अंगावर काय घातले, पाय कोठे रोवले आणि साखळी लाकडाला कोठे टेकवली, या सुरू करण्यापूर्वी ठरणाऱ्या गोष्टींवरच बहुतेक सुरक्षितता अवलंबून असते.

रचना

यंत्राचे दोन भाग पडतात : शक्ती पुरवणारा भाग आणि कापणारा भाग. शक्तीसाठी दोन धावांचे, म्हणजे टू-स्ट्रोक, पेट्रोल इंजिन किंवा विजेची मोटर असते. इंजिनाचा वेग वाढला की केंद्रोत्सारी क्लच साखळीचे दातेरी चाक फिरवू लागतो. इंजिन मंद चालत असताना साखळी स्थिर राहिली पाहिजे. ती तेव्हाही सरकत असेल, तर यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये.

साखळी एका लांबट पोलादी पट्टीच्या कडेवरील खाचेतून धावते. या पट्टीला व्यवहारात गाईड बार किंवा नुसते बार म्हणतात. साखळीत कापणारे दाते आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे वळलेले असतात. प्रत्येक दात्याच्या पुढे एक ठेंगणा उंचवटा असतो. दाता एका वेळी लाकडात किती खोल शिरेल, हे त्या उंचवट्यावरून ठरते. स्वतंत्र टाकीतील तेल पंपाने बारवर सोडले जाते; ते नसेल तर घर्षणाने बार व साखळी दोन्ही लवकर निकामी होतात.

पुढच्या मुठीसमोरील ढालीसारखी पट्टी ही चेन ब्रेकची, म्हणजे साखळीरोधकाची, तरफ असते. ती पुढे ढकलली गेली की साखळी क्षणार्धात थांबते. आधुनिक यंत्रांत जोराचा झटका बसताच हा रोधक जडत्वाने आपोआपही लागतो. मागच्या मुठीवरील खटका, तुटलेली साखळी अडवणारा आकडा, उजव्या हाताखालचे रुंद संरक्षण आणि कंपने शोषणारे रबर किंवा स्प्रिंग हे इतर महत्त्वाचे भाग होत.

इतिहास

साखळीने कापण्याची कल्पना प्रथम लाकडासाठी नव्हे, तर हाडांसाठी वापरली गेली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन एटकिन व जेम्स जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी हाताने ओढायची लवचीक साखळी-करवत वापरात आणली. अडलेल्या बाळंतपणात जघनास्थींचा सांधा मोकळा करणे आणि रोगग्रस्त हाड काढणे हे तिचे उपयोग होते. सुमारे १८३० मध्ये जर्मनीतील बर्नहार्ड हाइने यांनी हाताने फिरवायच्या साखळीचे अस्थिछेदक उपकरण तयार केले. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या लाकडाच्या करवती मात्र विसाव्या शतकातील आहेत. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत बनवली. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची चाचणी थुरिंजियातील डोलमार डोंगरावर घेतली आणि त्याच डोंगराचे नाव आपल्या उत्पादनाला दिले. ही आरंभीची यंत्रे इतकी अवजड होती की ती चालवायला दोन माणसे लागत.

साखळीच्या आजच्या स्वरूपाचे श्रेय अमेरिकेतील ओरेगन राज्यातले लाकूडतोडे जोसेफ बफर्ड कॉक्स यांना दिले जाते. १९४६ मध्ये त्यांनी लाकूड पोखरणारी एक अळी आपल्या जबड्यांनी तंतूंच्या उभ्या-आडव्या दिशेने सहज मार्ग काढताना पाहिली आणि त्या जबड्यांच्या आकारावरून वळलेल्या दात्यांची साखळी तयार केली. पुढील वर्षी त्यांनी पोर्टलंड येथे तिचे उत्पादन सुरू केले. हलक्या मिश्रधातूंमुळे १९५० च्या सुमारास एकट्याने चालवता येणारी यंत्रे बाजारात आली. साखळीरोधक बसवलेली यंत्रे १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात आली.

सरपणासाठी यंत्राची निवड

निवडीत नेहमी होणारी चूक म्हणजे गरजेपेक्षा मोठे यंत्र घेणे. जाहिरातीत इंजिनाची क्षमता व बारची लांबी ठळकपणे छापलेली असते, आणि ग्राहक शेतीपंपाप्रमाणे येथेही अधिक म्हणजे चांगले असे धरून चालतो. वास्तविक सरपणाचे बहुतेक ओंडके २५ ते ३० सेंटिमीटर व्यासाच्या आतले असतात. त्यांसाठी ३५ ते ४० सेंटिमीटर, म्हणजे १४ ते १६ इंच, लांबीचा बार आणि ३५ ते ४५ घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन पुरते. बारची उपयुक्त लांबी ओंडक्याच्या व्यासापेक्षा थोडी अधिक असावी, एवढाच सर्वसाधारण संकेत आहे. क्वचित येणारा जाड ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो. लांब बारमुळे यंत्र पुढे जड होते, हात लवकर थकतात आणि बारचे टोक कापणाऱ्याच्या नजरेआड जाऊन नको तेथे टेकण्याचा संभव वाढतो. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असून त्याचे कारण पुढे दिले आहे.

वजन दुकानात हातात घेऊन पाहिले तर फसवे ठरते. बार व साखळी वगळून चार-साडेचार किलोचे यंत्र पहिल्या पाच मिनिटांत हलके वाटते. इंधन, तेल, बार यांसह तेच तासभर कमरेच्या उंचीवर धरायचे असते. याच कारणाने काही जण वरच्या बाजूला मूठ असलेली छोटी करवत पसंत करतात. ती मात्र दोराने झाडावर चढून काम करणाऱ्या प्रशिक्षित छाटणी-कामगारांसाठी असते. तिच्या दोन्ही मुठी जवळजवळ असल्याने उसळी आवरणे अवघड जाते, आणि ती एका हाताने चालवण्याचा मोह होतो. जमिनीवर सरपण कापणाऱ्या नवख्या माणसासाठी ती अयोग्य होय.

वायरीच्या विजेवर चालणारी करवत स्वस्त व देखभालीला सोपी असते आणि अंगणात घोडीवर ठेवून कापण्यास ती पुरेशी आहे. मात्र वायर साखळीच्या वाटेत येणार नाही याची काळजी घ्यावी लागते आणि पावसात ती वापरता येत नाही. बॅटरीवरील यंत्रांत गेल्या काही वर्षांत मोठी सुधारणा झाली आहे. धूर नाही, दोरी ओढण्याचा खटाटोप नाही, आवाज कमी. घरगुती प्रमाणावरील सरपणाला ती पुष्कळदा उत्तम ठरतात. त्यांच्या शांतपणात एक धोका दडलेला आहे. यंत्र बंद आहे असे समजून मूल किंवा मदतनीस जवळ येऊ शकतो. साखळीला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवणे आवश्यक असते. दिवसभर कापायचे असेल, किंवा बाभूळ, चिंच यांसारखे कठीण लाकूड नेहमीचे असेल, तर पेट्रोल यंत्रच सोयीचे पडते.

कोणतेही यंत्र घेताना साखळीरोधक, खटक्याचे कुलूप व साखळी अडवणारा आकडा आहे की नाही हे पाहावे. बदली साखळी व सुटे भाग जवळपास मिळतात का, हेही तितकेच महत्त्वाचे. साखळीचा अंतरांक, खाचेची रुंदी व कड्यांची संख्या ही तिन्ही मापे बारवर कोरलेली असतात आणि नवी साखळी त्यांच्याशी जुळावी लागते. अंतरांक ३/८ इंच की ०.३२५ इंच, हा फरक डोळ्यांना सहजी कळत नाही. पण चुकीची साखळी दातेरी चाकावर नीट बसत नाही.

उसळी

किकबॅक या नावाने ओळखली जाणारी उसळी हे गंभीर अपघातांचे एक प्रमुख कारण आहे. साखळी बारच्या वरच्या कडेवरून पुढे धावते, टोकाला वळसा घालते आणि खालच्या कडेवरून कापणाऱ्याकडे परतते. यामुळे एकाच यंत्राचे वर्तन तीन ठिकाणी तीन प्रकारचे असते. खालच्या कडेने कापताना यंत्र लाकडाकडे ओढले जाते. वरच्या कडेने कापताना ते कापणाऱ्याच्या अंगाकडे ढकलले जाते. टोकाच्या वरच्या चतुर्थांशात मात्र दाते खाली वळत असतात. तेथे लाकूड लागले, तर दाते त्यात अडकतात व पुढे सरकू न शकल्याने सगळी शक्ती बारलाच उलट फिरवते. बार वर व मागे, म्हणजे थेट चेहरा, मान व डावा खांदा यांच्या दिशेने उसळतो. हे सारे एका सेकंदाच्या लहानशा अंशात घडते.

सरपण कापताना याला निमित्त बहुधा क्षुल्लक असते : कापत असलेल्या ओंडक्यामागे दुसरा ओंडका पडलेला असतो, किंवा ढिगाऱ्यातील एखादी फांदी पुढे आलेली असते, आणि टोक तिला टेकते. म्हणून ढिगावर ढीग तसाच ठेवून कापू नये. एक ओंडका बाजूला काढावा व त्याच्या पलीकडची जागा मोकळी असल्याची खात्री करावी. यंत्र खांद्याच्या उंचीवर नेऊ नये. पुढच्या मुठीभोवती डाव्या हाताचा अंगठा खालून पूर्ण वळलेला असावा, कारण उसळीच्या वेळी केवळ बोटांनी धरलेली मूठ सुटते. डावखुऱ्या व्यक्तीनेही डावा हात पुढे व उजवा मागे असाच धरायचा असतो; यंत्राची घडणच तशी आहे. डोके व मान साखळीच्या सरळ रेषेत न ठेवता शरीर त्या रेषेच्या किंचित डावीकडे ठेवतात. अशा स्थितीत बार उसळला तरी तो उजव्या खांद्यावरून निघून जाण्याची शक्यता वाढते. साखळीरोधक हे शेवटचे संरक्षण आहे; त्याच्या भरवशावर टोकाने कापणे समर्थनीय नाही.

संरक्षक पोशाख

जखमांमध्ये पाय व डावा हात यांचे प्रमाण मोठे असते. ओंडका तुटताच यंत्र आपल्या वजनाने खाली येते आणि त्याच्या वाटेत मांडी किंवा नडगी असते. संरक्षक विजारीत लांब कृत्रिम तंतूंचे अनेक थर असतात. साखळी कापडाला लागताच हे तंतू ओढले जाऊन दातेरी चाकात गुंततात व साखळी अडकून थांबते. युरोपीय मानकांनुसार अशा कपड्यांचे वर्ग साखळीच्या वेगावरून ठरतात. वर्ग १ हा सेकंदाला २० मीटर वेगासाठी आहे. विजेच्या मोटरचा पीळ सुरुवातीपासून जास्त असल्याने विद्युत करवतीच्या बाबतीत हे संरक्षण तितके खात्रीचे नसते. जाड जीन्सला या यंत्रापुढे संरक्षण म्हणता येणार नाही.

पेट्रोल यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो, त्यामुळे कानांवर आवरण हवेच. जाळीचा मुखपट किंवा चष्मा, शिरस्त्राण, हातमोजे व पोलादी टोकाचे बूट यांनी हा संच पूर्ण होतो. लुंगी, उपरणे, पदर, मफलर, सैल बाह्या यांपैकी काहीही साखळीजवळ नसावे. चपला घालून ओंडक्यांवर उभे राहण्याची आपल्याकडील सवय तर विशेष घातक आहे. दीर्घकाळ व रोज वापर करणाऱ्यांच्या बोटांतील रक्तवाहिन्या कंपनांमुळे बाधित होऊन बोटे थंडीत पांढरी व बधिर पडतात. वनकामगारांतील हा विकार वैद्यकशास्त्रात सुपरिचित आहे.

ओंडके कापण्याची पद्धत

इंधन भरल्यावर यंत्र तेथून किमान ३ मीटर दूर नेऊन सुरू करावे. ते जमिनीवर ठेवून, साखळीरोधक लावून, मागच्या मुठीत उजव्या बुटाचे टोक रोवून व डाव्या हाताने पुढची मूठ दाबून दोरी ओढतात. यंत्र एका हाताने हवेत सोडत दुसऱ्या हाताने दोरी ओढण्याची पद्धत पाहायला सराईत वाटते, पण ती धोकादायक असून सर्व प्रशिक्षणांत निषिद्ध आहे. कामाच्या जागी कापणारा एकटाच असावा, पण हाकेच्या अंतरावर दुसरी व्यक्ती असावी. प्रथमोपचाराच्या पेटीत रक्तस्राव दाबून धरणारी मोठी पट्टी लागते.

लाकूड कापण्यापूर्वी ते कोणत्या बाजूने ताणले आहे व कोणत्या बाजूने दाबले गेले आहे हे ओळखणे हे या कामातील खरे कौशल्य होय. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला व मध्ये अधांतरी असेल, तर वजनाने तो मध्ये वाकू पाहतो. त्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. अशा ओंडक्यात वरून सरळ कापत गेल्यास कापाच्या दोन्ही भिंती मिटतात व बार चिमटीत सापडतो. म्हणून वरून व्यासाच्या सुमारे एक-तृतीयांश काप घेऊन उरलेले खालून, वरच्या काप्याला गाठेपर्यंत, कापतात. एक टोक टेकलेले व दुसरे हवेत असेल तर परिस्थिती उलटी होते : प्रथम खालून एक-तृतीयांश, नंतर वरून. सारांशाने, दाबलेल्या बाजूने आरंभ व ताणलेल्या बाजूने शेवट. खालून कापताना यंत्र अंगाकडे ढकलले जाते, हे लक्षात घेऊन पाय घट्ट रोवावे लागतात.

संपूर्ण जमिनीवर टेकलेला ओंडका वरून सुमारे दोन-तृतीयांश कापून, कलथवून मग उरलेला कापावा. साखळी मातीला किंवा दगडाला क्षणभर लागली तरी धार जाते. बार अडकलाच तर यंत्र चालू ठेवून हिसके देऊ नयेत. ते बंद करून काप्यात लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकावी. पोलादी पाचर साखळीला लागल्यास दाते मोडतात. उतारावर नेहमी ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे, कारण कापलेला तुकडा खाली घरंगळतो. बारीक काटक्यांसाठी हे यंत्र वापरूच नये. साखळी त्यांना ओढून घेऊन चाबकासारखी फेकते. तेथे कोयता बरा.

चुलीच्या किंवा शेगडीच्या मापाप्रमाणे तुकडे साधारणतः ३० ते ४० सेंटिमीटर ठेवतात. लाकूड ओले असतानाच कापणे व कुऱ्हाडीने फोडणे सोपे असते. फोडलेल्या ढलप्या हवेशीर रचून आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली आल्यावर जाळल्यास धूर कमी व उष्णता अधिक मिळते.

धार, तेल व इंधन

धारदार साखळीतून लाकडाचे ठसठशीत तुकडे पडतात. त्याऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, किंवा यंत्र आपल्या वजनाने लाकडात न शिरता दाबावे लागले, तर धार गेली असे समजावे. बोथट साखळीवर जोर देणारा माणूस थकतो, काप संपताच त्याचा तोल जातो, म्हणून धार ही सुरक्षिततेचीच बाब आहे. धार गोल कानशीने, दात्याच्या आतून बाहेर अशा एकाच दिशेने लावतात. लहान ३/८ इंची साखळीला ४ मिलिमीटर व ०.३२५ इंचीला ४.८ मिलिमीटर व्यासाची कानस लागते. सर्व दाते सारख्या लांबीचे न राहिल्यास काप तिरका जातो. दात्यापुढचा उंचवटा बेसुमार घासून करवत 'आक्रमक' करण्याची युक्ती उसळीचा धोका वाढवते. सागात सिलिका असल्याने त्यावर धार लवकर जाते.

बारच्या तेलाऐवजी गॅरेजमधील जळके ऑईल वापरण्याचा प्रघात सर्रास दिसतो. त्यात धातूचे कण असतात, ते आरोग्यास अपायकारक असते, आणि साखळीवरून उडून शेवटी कापणाऱ्याच्या अंगावर व मातीत जाते. ताणलेली साखळी बारला खालून चिकटून असावी, पण हातमोजा घातलेल्या हाताने सहज ओढली जावी. तापल्यावर ती लांबते, म्हणून गरम असताना कसलेली साखळी काम संपल्यावर सैल करून ठेवतात.

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच द्यावे लागते. नामांकित यंत्रांना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, हे प्रमाण असते. काही स्वस्त यंत्रांना २५:१ लागते. पुस्तिकेतील प्रमाणच प्रमाण मानावे. नुसत्या पेट्रोलवर इंजिन थोड्याच वेळात जॅम होते. बहुतेक पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते असे म्हटलेले असते, तर भारतात आता २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल रूढ झाले आहे. इथेनॉल ओलावा शोषून घेते, म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करावी.

कायदे व प्रशिक्षण

जर्मनीत व्यापारी तोडीनंतर वनात उरलेली शेंडे-फांद्यांची लाकडे नागरिकांना स्वतः कापून नेण्यासाठी स्वस्तात दिली जातात. सार्वजनिक मालकीच्या बहुतेक वनांत त्यासाठी साखळी करवतीच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. हा वर्ग साधारणतः दोन दिवसांचा असतो. संरक्षक पोशाख व वनस्पतिजन्य साखळीतेल यांची सक्ती असते आणि एकट्याने काम करण्यास मनाई असते. २०२२ मध्ये ऊर्जेच्या किमती भडकल्यावर तेथे सरपणाची मागणी एकदम वाढली होती. फिलिपिन्समध्ये नियंत्रणाचा हेतू निराळा आहे : अवैध जंगलतोड रोखण्यासाठी २००२ च्या साखळी करवत अधिनियमाने या यंत्राची आयात, विक्री, बाळगणे व वापर यांवरच परवान्याचे बंधन घातले.

महाराष्ट्रात बंधन यंत्रापेक्षा झाडाच्या बाजूने येते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार आंबा, फणस, साग, खैर, चिंच इत्यादी अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. नागरी भागांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, तर गोव्यात १९८४ चा वृक्षसंवर्धनविषयक कायदा आहे.

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात आंबा, सुपारी व नारळाच्या बागा मोठ्या प्रमाणावर आडव्या झाल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांनी साखळी करवतींनी रस्ते मोकळे केले. वादळात पडलेले लाकूड कापण्यास सर्वांत धोक्याचे असते. एकमेकांवर पडलेली खोडे व वाकलेल्या फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात, आणि अर्धवट उपटलेले झाड बुंध्याशी कापताच मुळांचा गड्डा मातीसह पुन्हा खड्ड्यात उभा राहतो. अशा लाकडावर सरपण मिळवण्याच्या हेतूने नवख्या माणसाने यंत्र चालवू नये. प्रशिक्षित तुकडीने खोडे सुटी करून जमिनीवर आडवी घातल्यानंतरच त्यांचे तुकडे करणे योग्य ठरते.